उन्हाळा लागला की हेड गॅस्केट जातं: साध्या इंजिनवर टर्बो चढवलेल्यांसाठी

ज्यांनी साध्या, म्हणजे बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनवर टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) चढवला आणि मार्च-एप्रिल आला की ज्यांचं हेड गॅस्केट (ब्लॉक आणि त्याच्यावरचं झाकण म्हणजे हेड, यांच्या मधलं पॅकिंग) उडून राहिलं, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. आमचं चारदा उडालं. चारही वेळा एकाच जागी, दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मधात. पहिल्या तीन वेळा आम्ही गॅस्केटलाच दोष दिला, पैसे घातले, आठ-आठ दिवस गाडी उघडी ठेवली, आणि खरं कारण चौथ्यांदा हातात आलं. अजून एक गॅस्केट आणायला निघाला असाल तर जरा थांबा आणि हे वाचा.

गाडी माझ्या मावसभावाची, २००४ ची मारुती एस्टीम. इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी, १६ वॉल्व्ह, कंपनीतून ८५ बीएचपी, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा किती पट दाबली जाते ते) साडेनऊला एक, ब्लॉक अॅल्युमिनियमचा. टर्बो कबाड्यातून आणलेला, १.३ डिझेल गाडीवरचा छोटा, कारण तोच सगळीकडे मिळतो आणि खिशाला परवडतो. बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेलं जास्तीचं प्रेशर, अर्धा बार, साधारण ७ पीएसआय. ईसीयू (पेट्रोल आणि ठिणगी ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर) वेगळा बसवलेला, कारण कंपनीच्या ईसीयूचा मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचं प्रेशर मोजणारा) एक बारचा असतो, बाहेरच्या हवेपेक्षा जास्त प्रेशर त्याला दिसतच नाही, मग बूस्ट आला तरी तो ना पेट्रोल वाढवत ना टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेत. एवढं आम्हाला आधीपासून माहीत होतं. बाकी बरंच माहीत नव्हतं.

आधी लक्षणं सांगतो म्हणजे तुमचं आणि आमचं दुखणं एकच आहे का ते कळेल. सकाळी गाडी एकदम मस्त. दुपारी नागपुरात सीताबर्डीच्या गर्दीत वीस मिनिटं अडकून मग वर्धा रोडला मोकळा रस्ता मिळाला आणि पाय दाबला की चार हजार आरपीएमच्या वर गाडी जराशी गुदमरल्यासारखी करते, एखादा सेकंद, आणि परत उठते. असं दोन-चार दिवस चालतं. मग एक दिवस आयडलला थरथर सुरू होते, दोन सिलिंडर मेल्यासारखे, पण रेस दिली की बरंचसं भरून निघतं. कॉम्प्रेशन गेज लावला तर एक आणि चार नंबर १७५ पीएसआयच्या आसपास आणि दोन आणि तीन दोन्ही ९०. शेजारचे दोन सिलिंडर असे एकसारखे पडले की समजायचं मधली भिंत फुटली, हवा याच्यातून त्याच्यात जाऊन राहिली. पाण्यात फुगे नाहीत, ऑइलमध्ये दुधासारखं काही नाही, टेम्परेचरचा काटा बरोबर मधात. म्हणूनच पहिल्या वेळी कोणालाच इंजिन गरम झालं असं वाटलं नाही, आणि खरंच पाणी गरम झालंच नव्हतं.

पहिलं गॅस्केट एप्रिलमध्ये गेलं. बाजारातलं साधं गॅस्केट आणून बसवलं, अकराव्या दिवशी परत तेच. तेव्हा एका गॅरेजवाल्यानं सल्ला दिला की दोन गॅस्केट एकावर एक टाका, कॉम्प्रेशनही कमी होईल आणि टर्बोला बरं पडेल. आम्ही टाकले. ते आठवडाभरही टिकलं नाही, यावेळी पाणीही सिलिंडरमध्ये आलं. या दोन गॅस्केटच्या भानगडीवर खाली सविस्तर लिहितो, कारण हा सल्ला आपल्याकडे सर्रास देतात आणि त्यानं लोकांची इंजिनं जातात.

पावसाळाभर गाडी झाकून ठेवली. दिवाळीनंतर सगळं नीट केलं, हेड फेसिंग (हेडचा खालचा भाग मशीनवर सपाट करणं), ब्लॉकचा वरचा भाग तपासून घेतला, तीन थरांचं स्टीलचं गॅस्केट मागवलं, बोल्टच्या जागी स्टड टाकले, टॉर्क रेंचनं तीन टप्प्यांत कसलं. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी गाडी अशी पळाली की विचारू नका, काटोल रोड असो की समृद्धी, कुठंही तक्रार नाही. आम्हाला वाटलं झालं, सुटला प्रश्न. आणि मार्चच्या शेवटी, पहिल्यांदा पारा चाळीसच्या वर गेला त्याच आठवड्यात, गॅस्केट गेलं. स्टीलचं. दोन आणि तीनच्या मधातच.

त्या दिवशी हेड उघडून घाट रोडकडच्या आमच्या खरादवाल्या (लेथवाल्या) काकांकडे नेलं. काकांनी गॅस्केटकडे बघितलंच नाही. ते बाजूला ठेवून चाळशी लावली आणि तीन नंबरच्या पिस्टनवरून अंगठ्याचं नख फिरवलं, कडेकडेनं, एक्झॉस्टच्या बाजूला. मधला भाग काळा आणि गुळगुळीत, पण ती कड रेगमाल मारल्यासारखी खरबरीत, करडी, बारीक बारीक खड्डे पडलेली. मग म्हणाले, प्लग कुठं आहेत. प्लग मी पिशवीत टाकून आणले होते. एकेक करून मोबाईलच्या लाइटखाली धरले. पांढऱ्या चिनीमातीवर मिरीपूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके, आणि त्यांच्यात सुईच्या टोकाएवढे चमकणारे दोन-तीन कण. "बेटा, हे अॅल्युमिनियम आहे," काका म्हणाले, "पिस्टनचं. तुझं गॅस्केट फाटलं नाही, आतून ठोकून ठोकून फाडलं गेलं. आधी हे ठोकणं काहून होऊन राहिलं ते शोध, मग माझ्याकडे ये."

ठोकणं म्हणजे नॉकिंग. प्लगनं ठिणगी दिली की आग एका बाजूनं शिस्तीत पसरत जायला पाहिजे. पण कोपऱ्यात राहिलेली हवा-पेट्रोल आधीच इतकी गरम आणि इतकी दाबलेली असते की आग तिथवर पोचायच्या आतच ती आपोआप पेटते, एकदम, सगळी मिळून. तो धक्का हातोड्यासारखा बसतो. हिशोब करून बघा, ७४ मिलीमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) म्हणजे ४३ चौरस सेंटीमीटर जागा, आत साधं ६० बार प्रेशर धरलं तरी हेडला वर ढकलणारा जोर अडीच टनाच्या वर जातो, प्रत्येक सिलिंडरचा, आणि प्रत्येक स्फोटाला. हे नॉकिंग नसतानाचं. नॉकिंगमध्ये प्रेशर क्षणभर याच्या कितीतरी वर उसळतं, हेड केसभर उचललं जातं, आणि जिथं गॅस्केटची पट्टी सगळ्यात बारीक, म्हणजे दोन सिलिंडरच्या मधात, तिथं ती सरकते. दोन-तीनच्या मधातच काहून जायचं ते इथं उमगलं. गॅस्केट कितीही भारीचं आणा, हातोडा चालू राहिला तर ते जाणारच, आणि हेड अगदी जाम करून टाकलंत तर मग गॅस्केटऐवजी पिस्टनची रिंगेजवळची कड तुटेल, ते जास्त महागात पडतं.

आता प्रश्न असा की हिवाळ्यात नॉकिंग नव्हतं आणि गरमीतच काहून? बूस्ट तोच, पेट्रोल तेच, टायमिंग तेच.

पहिलं कारण हवा. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते, हे सायकलचा पंप मारताना सगळ्यांनी हाताला अनुभवलेलं आहे. किती तापते ते आकड्यात बघू. अर्धा बार बूस्ट म्हणजे हवा साधारण दीडपट दाबली, टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के धरा. जानेवारीतल्या सकाळी १२ अंशाची हवा आत गेली तर टर्बोतून निघते साधारण ६६ अंशाला. मे मध्ये ४५ अंशाची गेली तर निघते १०५ ला. आणि फिल्टर जर बॉनेटच्या आत उघडा बसवलेला असेल, जो आमचा होता, तर तो बाहेरची ४५ ची नाही तर इंजिनजवळची ६५ ची हवा ओढतो आणि टर्बोतून निघते जवळपास १३० ला. इंटरकूलर त्यातली काही गरमी काढतो पण तो हवेला बाहेरच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही, त्याच्यासमोरून जी हवा जाते तेवढ्यापर्यंतच त्याची धाव. आणि आमचा इंटरकूलर एसीच्या कंडेन्सरच्या मागे बसवलेला, म्हणजे त्याला थंड करायला येणारी हवाच आधी एसीनं तापवलेली. हा टर्बोही डिझेलचा, चार-साडेचार हजार आरपीएमच्या इंजिनसाठी बनलेला, आणि आपलं पेट्रोल इंजिन सहा हजारावर अर्ध्या बारला मिनिटाला साडेपाच किलोच्या आसपास हवा गिळतं. तेवढी हवा द्यायला त्या छोट्या टर्बोला जिवाच्या आकांतानं फिरावं लागतं, मग त्याची कार्यक्षमता ६५ सुद्धा राहत नाही, हवा अजून तापते. तरी तो बदलायला तेव्हा पैसे नव्हते, म्हणून आम्ही आरपीएम लिमिट ५८०० वर आणलं आणि ते बरं केलं.

पण याहून मोठी गोष्ट निघाली ती सेन्सरची. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर आम्ही कंपनीच्या जागीच राहू दिला होता, टर्बोच्या आधी, फिल्टरच्या पाइपात. म्हणजे ईसीयूला वाटायचं हवा ५० अंशाची आहे आणि सिलिंडरमध्ये जाऊन राहिली होती ९० ची. ईसीयूमध्ये गरम हवेसाठी टायमिंग मागे घ्यायचा तक्ता भरलेला होता, नीट भरलेला होता, पण तो कधी वापरलाच गेला नाही. सेन्सर काढून इंटरकूलरनंतर, थ्रॉटलच्या आधी बसवला, मग पहिल्यांदा खरे आकडे दिसले. व्हेरायटी चौकातून निघाल्यावर ९४. मोकळ्या रस्त्यावर दोन किलोमीटर गेल्यावर ७८. हे आकडे बघून भावाचा चेहरा उतरला होता, मला आठवते.

तुमच्या गाडीत हा सेन्सर कुठं आहे ते आजच बघा. टर्बोच्या आधी असेल तर बाकी काहीही करायच्या आधी तो हलवा.

दुसरं कारण शोधायला जास्त दिवस गेले आणि तेच खरं मारणारं होतं. बूस्ट गेजवर काटा कायम अर्ध्या बारला दिसायचा, पण गाडी चालवताना गेजकडे कोण बघतं, आणि एका सेकंदाची उसळी डोळ्याला दिसत पण नाही. ईसीयूचा लॉग काढला तर दुपारच्या प्रत्येक पुलमध्ये, म्हणजे पूर्ण पाय दाबून मारलेल्या दौडीत, ०.९ च्या वर टोक. सकाळच्या पुलमध्ये ०.५२. वेस्टगेटचा, म्हणजे बूस्ट पुरेसा झाला की धूर टर्बोला टाळून बाहेर सोडणाऱ्या झडपेचा, अॅक्च्युएटर (प्रेशर आलं की ती झडप उघडणारी डबी) काढून हातपंपानं प्रेशर देऊन बघितला, बरोबर अर्ध्या बारला दांडी सरकते, सोडली की परत येते, कुठं अडकत नाही. मग राहिला कॉम्प्रेसरपासून अॅक्च्युएटरपर्यंत जाणारा बोटभर लांबीचा रबरी पाइप. तो हातात घेऊन वाकवला, पिळला, काहीच दिसेना. पंप लावला तर प्रेशर धरून ठेवतो. भावाची बायको केस वाळवायचं ड्रायर घेऊन आली आणि म्हणाली, "भाऊजी, गरमीतच होते म्हणता ना, मग गरम करून बघा ना." गरम केला, आणि पंपाचा काटा हळूहळू खाली यायला लागला. नळीच्या तोंडाजवळ, जिथं ती पितळी टोकावर चढते, तिथं अर्ध्या सेंटीमीटरची आडवी चीर. थंड असताना रबर कडक, चीर मिटलेली. गरम झालं की रबर सैल आणि चिरेतून हवा बाहेर. अॅक्च्युएटरला वाटायचं बूस्ट अजून कमीच आहे, तो वेस्टगेट उघडायचाच नाही, आणि टर्बो दाबत सुटायचा. हिवाळाभर गाडी मस्त काहून पळत होती त्याचं अर्धं उत्तर त्या चिरेत होतं.

तो पाइप चाळीस रुपयांचा असेल. आता तिथं जाड सिलिकॉनचा पाइप आहे, दोन्ही टोकांना क्लिप, आणि मॅनिफोल्डपासून लांबून नेलेला. आणि ईसीयूमध्ये ओव्हरबूस्ट कट टाकला, ०.६५ ला पेट्रोल बंद. हा कट तुमच्या ईसीयूत असेल आणि तुम्ही तो लावला नसेल तर कृपा करून लावा, त्याला एक रुपया लागत नाही.

बूस्ट चढण्याचं दुसरं एक कारण असते, ते आमच्याकडे नव्हतं पण ओळखीच्या एका गाडीत बघितलं. डिझेलच्या छोट्या टर्बोचं वेस्टगेटचं भोकच लहान असते. त्याच्यापुढं मोठ्या पाइपाचा फ्री-फ्लो सायलेन्सर टाकला की वेस्टगेट पूर्ण उघडूनही सगळा धूर त्यातून जाऊ शकत नाही, उरलेला टर्बाइन फिरवतो आणि आरपीएमबरोबर बूस्ट हळूहळू चढत जातो. फरक असा ओळखायचा: एकदम उसळी असेल तर नळी, अॅक्च्युएटर, दांडी बघा, आणि आरपीएमबरोबर सावकाश चढत असेल तर भोक मोठं करून घ्यावं लागते, आणि ते खरादवाल्याकडून, घरी फाइल मारून नाही.

पेट्रोलचं थोडक्यात. कंपनीचे इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) ८५ घोड्यांसाठी असतात. १२० घोडे काढायचे तर प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला साधारण २४० सीसी पाहिजे, तेही ८० टक्के ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ) धरून. आम्ही आधी इंजेक्टर तेच ठेवून फक्त फ्यूएल प्रेशर ३ वरून ४ बार केलं होतं आणि समाधान मानलं होतं, पण प्रेशर तिसऱ्या हिश्श्यानं वाढवलं तरी पेट्रोल वाढतं फक्त १५ टक्के, कारण ते वर्गमुळाच्या हिशोबानं वाढते. वाइडबँड (धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) लावला तर ५५०० ला लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे बरोबर, त्याच्या खाली म्हणजे रिच, पेट्रोल जास्त) ०.९५, म्हणजे बूस्टमध्ये जितकं रिच पाहिजे त्याच्या जवळपासही नाही. बूस्टमध्ये ०.८० च्या आसपास पाहिजे. आणि आकडा लॅम्बडामध्येच बघा, एएफआरमध्ये (एका भाग पेट्रोलला किती भाग हवा, वजनानं) नाही, कारण आता पंपावर बहुतेक ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळते आणि त्याचं बरोबर मिश्रण १४.७ ला नसून साडेतेराच्या आसपास असते, गेज मात्र शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं १४.७ दाखवत बसतो. ई२० ला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठेक टक्के जास्त माल लागतो, म्हणजे जुन्या पेट्रोलवर बांधलेल्या ट्यूनमध्ये इंजेक्टर आधीच काठावर असतील तर ते आता पुरणार नाहीत. ई२० चा एक फायदा पण आहे, इथेनॉल नॉकिंगला चांगलं अडवतं आणि उडताना हवेची गरमी ओढून घेतं. पण फायदा पदरात पडायला आधी पुरेसं पेट्रोल आत गेलं पाहिजे.

आता ते दोन गॅस्केट. १२९८ सीसीच्या इंजिनात एका सिलिंडरचे ३२४.५ सीसी. साडेनऊ कॉम्प्रेशनला वरची मोकळी जागा ३८ सीसी, साडेआठ करायचं तर ४३ पाहिजे. हे पाच सीसी गॅस्केट जाड करून आणायचे तर १.२ मिलीमीटर जाडी वाढवावी लागते, म्हणून लोक दोन टाकतात. पण पिस्टन वर आला की त्याच्या कडेला आणि हेडच्या सपाट भागात जी बारीक फट राहते, ती मुद्दाम बारीक ठेवलेली असते, तिथली हवा जोरात मधात ढकलली जाते, घुसळण होते आणि आग पटकन पसरते. ती फट सव्वा मिलीमीटरनं वाढवली की घुसळण गेली, कोपऱ्यात हवा साचून राहते आणि नेमकी तीच आपोआप पेटते. म्हणजे नॉकिंग कमी करायला कॉम्प्रेशन उतरवलं आणि नॉकिंगला जागा करून दिली. वरून दोन गॅस्केटच्या मधात काही धरून ठेवणारं नाही, तिथूनच पाणी शिरतं. कॉम्प्रेशन कमी करायचं तर डोक्यावर वाटीसारखा खळगा असलेले पिस्टन टाका, फट तशीच ठेवा. पैसे नसतील तर साडेनऊवरच राहा आणि बूस्ट ०.४ वर आणा, टायमिंग मागे घ्या. गाडी तरीही साध्यापेक्षा खूप पळते.

आणि कॉम्प्रेशन जास्त ठेवून टर्बो चालवता येतो हे काही नवीन नाही. १९६२ साली ओल्ड्समोबिलनं जेटफायर काढली होती, साडेतीन लिटरचा अॅल्युमिनियम व्ही८, कॉम्प्रेशन १०.२५, वर टर्बो. नॉकिंग थांबवायला त्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात सोडायचे, त्याची वेगळी टाकी होती. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा. लोक टाकी भरायला विसरायचे आणि गाडी मंद झाली म्हणून तक्रार करायचे. पण कंपनीला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं की थंडावा संपला तर बूस्ट द्यायचा नाही. ब्लॉक टिकेल का ही भीती बऱ्याच जणांना असते, त्यांना सांगतो, बीएमडब्ल्यूनं साध्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या एम१० ब्लॉकवरून दीड लिटरचं टर्बो इंजिन बनवलं आणि १९८३ मध्ये नेल्सन पिके त्याच्यावर फॉर्म्युला वनचा चॅम्पियन झाला. तो ब्लॉक लोखंडी होता, आपला नाही, पण रस्त्यावरच्या अर्ध्या बारला ब्लॉकच्या आधी गॅस्केट, रिंगा आणि पिस्टन मरतात.

पाण्याचं एक राहिलं. आपल्याकडे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकायची सवय आहे आणि नागपूरच्या कित्येक भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते घरच्या कूलरच्या जाळीवर दिसते. तोच पांढरा थर हेडमध्ये एक्झॉस्ट वॉल्व्हच्या आजूबाजूला बसतो, तिथलं धातू थंड होत नाही, आणि ते गरम ठिकाणच नॉकिंगची सुरुवात करते. काटा मधात दिसतो कारण तो पाण्याचं तापमान सांगतो, धातूचं नाही. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, अर्धं-अर्धं. कॅप चांगली, ०.९ बारची कॅप असली तर साधं पाणीही ११८ अंशापर्यंत उकळत नाही, सैल कॅप असली तर शंभरच्या जवळपासच वाफ व्हायला लागते. आणि उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला ऐकू नका, ज्या इंजिनात बायपास आहे तिथं थर्मोस्टॅट काढला की काही पाणी रेडिएटरला न जाता तसंच फिरत राहतं.

तुम्हाला तपासायचं असेल तर मी हा क्रम धरेन. हेड उघडायच्या आधी प्लग काढा, ठिपके बघा, कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं लिहून ठेवा. गॅस्केट आधीच गेलं असेल तर पिस्टनच्या कडा नखानं तपासा आणि फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला लागतात. हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घाला, ०.०५ मिलीमीटरचं पान आत शिरलं तर फेसिंग, आणि ब्लॉकही तसाच बघा, लोक हेड फेस करतात आणि ब्लॉककडे बघत पण नाहीत. पिस्टन बाहेर काढलेच तर रिंगांची फट मोजा. साध्या इंजिनात ७४ च्या बोअरला ०.३० चालते, टर्बोला ०.४० च्या आसपास पाहिजे, नाही तर गरम होऊन रिंगेची दोन टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड घेऊन जातात. प्लग एक नंबर थंड घ्या, एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, गॅप ०.७. क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या, ऑइलच्या भागाच्या) पाइपात वन-वे वॉल्व्ह आहे का ते बघा, नसेल तर बूस्ट खाली जाऊन ऑइलची वाफ इनटेकमध्ये येते, आणि ऑइलची वाफ म्हणजे पेट्रोलचं ऑक्टेन खाली ओढणं.

नॉकिंग ऐकायला आम्ही तांब्याची पाव इंची नळी घेतली, एक टोक ठोकून चपटं केलं, भोक पाडून ब्लॉकच्या एका रिकाम्या बोल्टखाली कसलं, दुसऱ्या टोकाला रबरी पाइप आणि तो कारखान्यात वापरतात त्या कानाच्या मफमध्ये. एक जण चालवतो आणि दुसरा ऐकतो. ७४ च्या बोअरला नॉकिंगचा सूर साधारण पावणेआठ किलोहर्ट्झचा असतो, पण नळीतून तो डब्यात वाटाणे हलवल्यासारखा ऐकू येतो, एकदा ऐकला की विसरत नाही. वाटाणे वाजले की पाय उचला. आम्ही बूस्टच्या प्रत्येक पीएसआयला एक डिग्री टायमिंग मागे, आणि हवा ४० अंशाच्या वर गेली की प्रत्येक दहा अंशाला दीड डिग्री अजून मागे, इथून सुरुवात केली आणि ऐकत ऐकत बसवलं. ही सुरुवात आहे, तुमच्या इंजिनचा आकडा तुमचं इंजिन सांगेल. आणि हे पुल भर रस्त्यावर करू नका. आम्ही सुरुवातीला वर्धा रोडला केले, ती चूक होती. नंतर ओळखीच्या कारखान्याच्या आवारातच केले.

अजून एक, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि इन्शुरन्सवाला अपघातानंतर हेच काढतो. त्यामुळे ज्याला रोज ऑफिसला जायची एकच गाडी आहे त्यानं या फंदात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता गाडीचं. पाचवं गॅस्केट, तेच तीन थरांचं स्टीलचं, दोन उन्हाळे झाले तसंच आहे. इंटरकूलर बंपरच्या पुढे आणला, फिल्टरला बाहेरून हवा आणणारा पाइप केला. मग नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, भावानं एक गोष्ट केली जी मला फार आवडली. वायपरच्या वॉशरचा छोटा पंप घेऊन इंटरकूलरसमोर दोन नोझल लावले आणि डॅशबोर्डला बटण. आपली मे ची हवा इतकी कोरडी असते की घरचा कूलर ज्या जोरावर चालतो त्याच जोरावर हे पण चालते, पाणी उडता उडता गरमी घेऊन जाते. ४५ च्या दुपारी पंधरा सेकंद फवारा मारला की सेन्सरवर ६८ चे ५७ होतात. जुलैत हवा ओली झाली की तेवढा फरक पडत नाही, पण तेव्हा गरजही नसते. पाणी मात्र आरओचं भरा, बोअरचं भरलं तर दोन महिन्यांत इंटरकूलरच्या पट्ट्यांवर तोच पांढरा थर चढतो.